जोड

कुस्तीच्या फडात जोड लावणारा पंच हा मोठा मानाचा माणूस. दोन्ही पैलवानांना तो जवळ उभे करतो, त्यांची उंची, मांड, दंड न्याहाळतो, कोणत्या तालमीतला, कोणाचा पठ्ठ्या याची चौकशी करतो आणि मगच दोघांचे हात हातात देतो. जोड बरोबर लागली तर कुस्ती रंगते. विजोड लागली तर प्रेक्षक आरडाओरडा करतात, आणि हरणाऱ्याच्या इतकेच जिंकणाऱ्याचेही तोंड उतरते. आमच्याकडे जत्रा म्हटली की कुस्त्या आल्याच, त्यामुळे ‘जोड’ या शब्दाची किंमत सोलापूरकराला वेगळी सांगावी लागत नाही.

बुद्धिबळालाही जोड लागते; पण ती लावून देणारा पंच त्याला फार उशिरा मिळाला. पट घरात असतो, सोंगट्या डब्यात असतात, रविवारची दुपार मोकळी असते. नसतो तो फक्त समोर बसणारा. बुद्धिबळाचा इतिहास म्हणून आपण जगज्जेत्यांची नामावळी वाचतो. मला मात्र नेहमी वाटत आले आहे की, या खेळाचा खरा इतिहास समोरच्या माणसाच्या शोधाचा आहे. या शोधाच्या वाटेत चार धोंडे होते. अंतर, वेळ, नियम आणि तोल हे ते चार. पाचवा धोंडा माणसांनी स्वतः आणून ठेवलेला. त्याविषयी पुढे येईलच. दिवाळीच्या फराळाबरोबर ही हकीकत वाचायला हरकत नसावी.

आरंभ आपल्याच मुलखातून करू. बाराव्या शतकात, म्हणजे सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तलाव आणि देऊळ उभारले त्याच शतकात, हा सारा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांचा होता. त्या घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सर्व विषय त्यात आहेत, आणि राजाच्या करमणुकीच्या प्रकरणांत बुद्धिबळही आहे. राजाला खेळायला माणसाची वाण कसली! पण माझ्या मनात एक शंका येते, की त्या दरबारात राजाला मात देण्याची छाती किती जणांची असेल? हरण्यातच ज्याचे हित आहे असा माणूस समोर बसला, तर पटावर दोन माणसे दिसली तरी खेळणारा एकटाच असतो. माणूस मिळणे वेगळे आणि जोड मिळणे वेगळे, हा पहिला धडा इथेच मिळतो.

पुढे सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी ‘भगवंतभास्कर’ या आपल्या मोठ्या ग्रंथातल्या ‘नीतिमयूखा’त बुद्धिबळाची माहिती दिली. हे भट्ट घराणे मूळचे पैठणचे, काशीला जाऊन राहिलेले. धर्मशास्त्रात ज्यांचा शब्द प्रमाण, त्या पंडितांना चौसष्ट घरांवरून घोडा फिरवण्याचे कोडे शास्त्राच्या पंक्तीला बसवावेसे वाटले, यात मोठी मौज आहे.

आता नियमांचा धोंडा पाहा. आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जाई. राजाला किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी शह बसलेला नसताना त्याला एकदा घोड्याची उडी घेता येई. प्यादे शेवटच्या रांगेत पोहोचले की, ज्या सोंगटीचे ते मूळ घर, तिचेच रूप त्याला मिळे. पाश्चात्त्य पद्धतीत प्यादे आरंभी दोन घरे जाते, राजा हत्तीच्या आड कोटात बसतो आणि प्याद्याचा थेट वजीरही होतो. त्यातही आपल्याकडे गावोगावी बारीकसारीक फरक. एका पेठेतला खेळाडू दुसऱ्या पेठेत गेला की, डावापेक्षा वाद मोठा व्हायचा.

हा फरक जाणत्यांच्या लवकर लक्षात आला होता. त्रिवेंगडाचार्य शास्त्री नावाच्या विद्वानांचा ‘विलासमणिमंजरी’ हा संस्कृत ग्रंथ १८१४ साली मुंबईत इंग्रजीतून छापला गेला, तो युरोपीय पद्धतीला जुळवून घेऊन. दोनशे वर्षांपूर्वी एका शास्त्र्याच्या पटावरच्या रचना परक्या खेळाडूला कळाव्यात म्हणून नियमांचा पूल बांधला गेला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

नियम एक असण्याचा फायदा किती, याचा हिशेब चौथीतला मुलगाही करील. एका गावात वीस खेळाडू आहेत. सर्वांचे नियम एकच असतील तर त्यांच्यात १९० निरनिराळ्या जोड्या लागू शकतात. आता दहा जण जुन्या पद्धतीचे आणि दहा नव्या पद्धतीचे झाले, तर प्रत्येक गटात ४५, म्हणजे सगळ्या मिळून ९० च जोड्या उरल्या. माणसे तेवढीच, पट तेवढेच, आणि अर्ध्याहून अधिक डाव खेळण्यापूर्वीच नाहीसे! गट जितके अधिक पाडाल तितक्या जोड्या झपाट्याने आटतात. हे गणित ध्यानात ठेवा. पुढे ते पुन्हा लागणार आहे.

अंतराची कथा बंगालमधली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचे एक बॅरिस्टर होते. त्या काळच्या नामांकित खेळाडूंत त्यांची गणना होई. कलकत्त्याच्या बुद्धिबळ क्लबातील एका सभासदाच्या कानावर आले की, आतल्या मुलखात एक ब्राह्मण आहे आणि तो म्हणे कधी हरलेलाच नाही. सभासद त्याच्याशी खेळले आणि हरले. मग त्या ब्राह्मणाची व कॉक्रेनसाहेबांची गाठ पडली. हे महेशचंद्र बंदोपाध्याय. दोघांचे शेकडो डाव झाले आणि ते लिहून ठेवले गेले. आरंभी महेशचंद्र बरेच हरले. पण तोलामोलाचा माणूस रोज समोर बसू लागल्यावर त्यांचा खेळ वाढत गेला. प्याद्याने एकेक घर पुढे सरकायचे आणि उंटाला कडेच्या कर्णावर बसवायचे, ही त्यांची आपल्याकडच्या जुन्या वळणाची रीत. आज जगभरच्या पुस्तकांत ज्यांना ‘इंडियन’ बचाव म्हणतात, त्या नावामागे महेशचंद्रांचे हे डाव आहेत.

‘कधीच न हरलेला’ ही कीर्ती ऐकायला गोड खरी. पण तिचा दुसरा अर्थ असा, की त्या माणसाला पंचक्रोशीत जोड नव्हती. तो सभासद तिकडे गेलाच नसता तर? अशी किती महेशचंद्रे आपापल्या गावच्या पारावर अजिंक्य राहूनच संपली असतील, याचा हिशेब कोणत्याच बखरीत नाही.

अंतर तोडायचा दुसरा उपाय टपालाचा. १८२८-२९ साली मद्रास आणि हैदराबाद या दोन शहरांमध्ये पत्रांतून दोन डावांचा सामना झाला. सहाशेहून अधिक किलोमीटरांचे अंतर, आणि आगगाडीचे नावही या देशात नव्हते! मद्रासचे गुलाम कासिम आणि जेम्स कॉक्रेन (हे कॉक्रेन निराळे, कलकत्त्याचे नव्हेत) यांनी १८२९ मध्ये त्या सामन्याची हकीकत पुस्तकरूपाने छापली. पुढे १८६० मध्ये आगगाडी सोलापूरला आली, १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले, आणि जोड मिळवायला श्रीमंती किंवा क्लब लागेनासा झाला. पत्ता ठाऊक असला की पुरे.

उरला वेळेचा धोंडा. तो मी आमच्या घरातच पाहिला आहे. माझे वडील सोलापूरच्या एका गिरणीत साच्यावर होते. गिरणीचे आयुष्य तीन पाळ्यांचे. त्यांच्या ओळखीत बुद्धिबळ जाणणारे बाराएक जण होते, पण ते तिन्ही पाळ्यांत विभागलेले. वरचेच गणित लावा. बारा जणांच्या एकत्र ६६ जोड्या होतात. चारचारांचे तीन गट झाले की अवघ्या १८. त्यात पाळी दर आठवड्याला बदलणार. एकजण कामावरून येतो तो दुसरा भोंगा ऐकून सायकल काढतो, अशी गत.

वडिलांची खरी जोड गिरणीबाहेरची होती. साखर पेठेत माग चालवणारे एक तेलुगू विणकर होते. आम्ही सगळे त्यांना अण्णाच म्हणत असू. अण्णांचे मराठी तेलुगूच्या हेलातले, वडिलांचे तेलुगू बाजारहाटापुरते. पण पटावर बसले की दोघांनाही भाषेची गरज पडत नसे.

“काय अण्णा, मांडू का?” वडील विचारायचे.

“मांडा की हो मामा. पण आज राजा उडी मारणार का न्हाई, ते आधी बोला.”

तोड ठरलेली होती. पहिला डाव अण्णांच्या जुन्या रीतीने, दुसरा वडिलांच्या नव्या रीतीने. तिसरा डाव लागला तर नाणे उडवायचे. पंडितांनी ग्रंथ लिहून जे साधले, ते या दोघांनी चहाच्या एका कपात साधले होते.

पुढे अण्णा यंत्रमागाच्या कामासाठी मुलाबरोबर भिवंडीला गेले. मग पोस्टकार्डांचा डाव सुरू झाला. आठवड्याला एक चाल, म्हणजे चाळीस चालींच्या डावाला चाळीस आठवडे. आमच्या कोनाड्यात तो पट मांडलेलाच असे आणि त्याला हात लावण्याची कोणाला परवानगी नव्हती. पहिला डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्या डावातल्या नवव्या चालीला उत्तर आले ते मुलाच्या अक्षरात, आणि त्यात चाल नव्हती. वडिलांनी पट आवरला. आमच्या गल्लीत तेव्हा बुद्धिबळ येणारी मुले होती. पण वडील त्यांच्याशी खेळायचे ते शिकवण्यापुरते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला नवी जोड शोधायला त्या दिवसांत काहीही साधन नव्हते, हे मी जवळून पाहिले आहे.

आता थोडे मोठ्या पटाकडे पाहू. पंजाबातले सुलतान खान हे जुन्या देशी पद्धतीत वाढलेले खेळाडू. विलायतेला जाऊन त्यांनी पाश्चात्त्य नियम आत्मसात केले आणि १९२९, १९३२ व १९३३ असे तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले. स्वतंत्र भारतातली पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ साली आंध्रातल्या एलुरु येथे झाली आणि तिचे अजिंक्यपद रामचंद्र सप्रे व आंध्रचे डी. वेंकय्या यांना विभागून मिळाले. देशभरचे खेळाडू एका नियमाखाली एका छपराखाली बसले, हेच त्या स्पर्धेचे मोठे कार्य. आमच्या शेजारच्या सांगलीचे उदाहरण तर डोळ्यांत भरण्यासारखे आहे. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या द्वारे त्या गावात खेळाची अशी गोडी लावली की, राष्ट्रीय विजेत्या भाग्यश्री साठे-ठिपसे तिथूनच पुढे आल्या. सांगलीच्या पाण्यात काही निराळे नाही. तिथे संध्याकाळी गेले की समोर बसायला कोणीतरी असायचे, इतकेच.

माणसांनी आणून ठेवलेला पाचवा धोंडा कोणता? तर ‘यांनी यांच्याशी खेळायचे नाही’ हा. मुंबईच्या खाडिलकर भगिनी, म्हणजे वासंती, जयश्री आणि रोहिणी, या एकाच घरातल्या तिघी. एकमेकींची जोड घरातच होती. १९७४ साली पहिले राष्ट्रीय महिला अजिंक्यपद वासंतीने पटकावले, आणि पुढची कितीतरी वर्षे ते पद या तिघींच्या घराबाहेर फारसे गेले नाही. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा मोठा गहजब झाला. प्रकरण जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूवे यांच्यापर्यंत गेले, आणि स्त्रियांना अशा स्पर्धांची दारे बंद करता येणार नाहीत असा निर्णय झाला. त्या एका निर्णयाने किती जोड्या नव्याने शक्य झाल्या, हे वरच्या गणितावरून ज्याचे त्याने ताडावे.

राहिला तोल. कुस्तीतला पंच डोळ्यांनी तोलतो. बुद्धी कशी तोलणार? हे काम अमेरिकेत स्थायिक झालेले हंगेरियन वंशाचे प्राध्यापक आर्पाड एलो यांनी केले. त्यांची गुणांकन पद्धत अमेरिकेच्या संघटनेने १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. कल्पना सोपी आहे. प्रत्येक खेळाडूच्या नावावर एक अंक असतो. दोघांचे अंक सारखे असतील तर गुणही निम्मे-निम्मे पडावेत. दोनशेचा फरक असेल तर वरच्याला चार डावांत सुमारे तीन गुण मिळावेत, चारशेचा असेल तर अकरा डावांत दहा. अपेक्षेपेक्षा बरे खेळलात तर अंक वाढतो, वाईट खेळलात तर घटतो. मोठ्याला हरवले तर अधिक मिळते, दुबळ्याला हरवले तर थोडे. बुद्धिबळाला पंच मिळाला तो हा.

या पंचाला आंतरजालाची जोड मिळाली आणि चारही धोंडे एकदम हलले. आंतरजालावर बुद्धिबळाचा पहिला सार्वजनिक अड्डा १९९२ मध्ये सुरू झाला; चेस डॉट कॉम २००७ मध्ये आणि सर्वस्वी फुकट असलेले लिचेस २०१० मध्ये निघाले. आता सोलापुरातला मुलगा भ्रमणध्वनीवर बोट ठेवतो, आणि यंत्र त्याच्या अंकाच्या जवळचा, त्याच क्षणी मोकळा असलेला माणूस जगातून हुडकून काढते. पाळीची अडचणही उरली नाही. हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा लंडनमध्ये दुपारचे साडेतीन आणि न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेदहा झालेले असतात; कोणाची ना कोणाची फुरसत सापडतेच.

तरीही ‘जोड मिळत नाही’ ही तक्रार मी नव्या मुलांच्या तोंडून ऐकतो, आणि तिचे कारण जुनेच असते. कोणी म्हणतो, मी अमुकच मिनिटांचा, फारसा कोणी न खेळणारा डाव खेळणार. कोणी म्हणतो, माझ्यापेक्षा पन्नास गुण वरचाही नको नि खालचाही नको. कोणी आडवेळी बसतो. म्हणजे वीस जणांचे पुन्हा दहा-दहा, नि दहाचे पाच-पाच! त्यांना मी सांगतो, सर्वांना चालणारा दहा मिनिटांचा डाव धरा, तोलाची अट थोडी सैल करा, गर्दीच्या वेळी या. थोडा वरचा माणूस भेटला तर शिकाल, थोडा खालचा भेटला तर शिकवाल. अण्णांनी आणि वडिलांनी एक डाव याच्या रीतीने, एक त्याच्या रीतीने खेळून हेच केले होते.

या नव्या वाटेची परीक्षा २०२० मध्ये झाली. महामारीने सगळे घरात कोंडलेले असताना त्या वर्षी पहिले ऑनलाइन ऑलिंपियाड झाले. अंतिम सामन्यात भारताच्या दोन खेळाडूंचा संपर्क ऐन डावात तुटला, आणि शेवटी सुवर्णपदक भारत व रशिया यांना विभागून देण्यात आले. संपर्क तुटलेल्या त्या दोघांपैकी एक होती नागपूरची दिव्या देशमुख. हीच दिव्या जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. अंतिम फेरीत समोर कोण? तर आपल्याच देशाची कोनेरू हम्पी. पावणेदोनशे वर्षांपूर्वी महेशचंद्रांना जोड मिळायला कोणी अवचित त्यांच्या मुलखात यावे लागले होते. आता जगाच्या अंतिम फेरीत दोन्ही बाजूंना आपलीच माणसे बसतात.

सगळेच मिळाले असे मात्र मी म्हणणार नाही. यंत्राने जोडून दिलेला माणूस डाव संपला की नाहीसा होतो. त्याच्या घरी कोण आहे, त्याला चहा गोड लागतो की अगोड, काही कळत नाही. त्याने पुन्हा चाल पाठवली नाही तर आपल्याला चुकल्यासारखेही होत नाही. पण म्हणून मी या सोयीला नावे ठेवणार नाही. कोनाड्यातला तो पट आवरताना वडिलांपाशी हे यंत्र असते, तर त्यांची उरलेली वर्षे निराळी गेली असती, याविषयी मला शंका नाही. त्याच रात्री त्यांना समोर कोणीतरी मिळाले असते; बार्सिलोनाचा निवृत्त मास्तर म्हणा, नाहीतर विजयवाड्याचा रेल्वेचा कारकून.

म्हणून वाचकांना एकच विनंती. या दिवाळीत घरी चार पिढ्या जमतील. त्यांत एखादे आजोबा किंवा आत्या अशी असेल, की जिला बुद्धिबळ येते हे घरातल्या मुलांना ठाऊकही नसेल. तिला विचारा, आणि पट मांडा. पाहुणे गेले की तिच्या हातात भ्रमणध्वनी देऊन अनोळखी माणसाशी डाव कसा लावायचा, तेही दाखवा. आरंभी ती कुरकुरेल, “मला मेलीला हे जमायचं नाही,” म्हणेल. चार दिवसांनी नातवाला तिच्याकडून तो भ्रमणध्वनी परत मागून घ्यावा लागेल.